इकायचा न्हाय, हलवायचा

चोरी म्हणणाऱ्यांनी खुशाल चोरी म्हणावं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण सगळा जन्म मेंढरांमागं गेला. चोरी कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको. पहाटे वाघरीतली, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातली मेंढरं मोजताना एक कमी भरलं, की ती चोरी. माझ्या बायकोनं नव्याण्णव साली बारामतीत बसून एका परदेशी खेळात बावीस मेंढरं राखली, एक पैसा न भरता. त्यानं कुणाच्या वाघरीतलं काय कमी झालं, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे. ते माझ्या अंगाशी येणारं आहे, तरी सांगतो.

आमचं रान मोरगावच्या अंगाला, कोरडवाहू. बाजरी आली तर आली. खरा संसार मेंढरांवर. कळप म्हणायला माझा, राखायची ती. कुठल्या मेंढीला कधी कोकरू होणार, कुठली दूध चोरते, कुठली कळप सोडून काटेरी झुडपात तोंड घालते, सगळं तिला ठाऊक. मी नुसता दांडगा आवाज करायचो. एका सकाळी कोकरं डालग्याखाली झाकता झाकता ती खाली बसली ती उठलीच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बारामतीच्या दवाखान्यात महिना काढला. त्या महिन्यात मी कळप विकून टाकला. दलाल आला, दोन टेम्पो लागले, अर्ध्या दिवसात वाघर रिकामी. तिला विचारलं नाही. ती पडलेली, तिला काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं. बाईमाणसाला विचारून कळप विकायची आमच्यात रीतही नव्हती.

तिला सांगितलं माझ्या भावानं. भेटायला आला आणि खाटेशेजारी केळी ठेवत म्हणाला, "वहिनी, बरं झालं बगा मेंढरं गेली ती. डोक्याचा ताप गेला."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. तोवर तिची वाचा बरीचशी परत आली होती. लेकीशी बोलायची, नर्सशी बोलायची. माझ्याशी पाच महिने एक शब्द नाही. पाणी पाहिजे असलं तरी लेकीला हाक मारायची, मी उशाशी बसलेला असताना.

आम्हाला एकच लेक. ती बारामतीत दिलेली. जावयाचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पुढच्या दोन खोल्यांत क्लास, मागं घर. घरात विहीणबाईही. फिजिओचा डॉक्टर जवळ म्हणून आम्ही तिथंच राहिलो. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी आमची माणसं. भावानं चारचौघांत टोमणा मारलाच, "दादा लेकीच्या दारात पडलाय."

मी म्हटलं, "पडलो तर पडलो. तुझ्या दारात तर न्हाय पडलो?"

क्लासमध्ये दुपारी एक ते चार कुणी शिकायला नसायचं. तेव्हा जावयाचे चार दोस्त जमून खेळ खेळायचे. खेळ असा, की पडद्यावर एक सगळा मुलूख. डोंगर, नदी, गावं, बाजार. प्रत्येकाचा त्यात एक माणूस. तो तलवार चालवतो, लाकडं तोडतो, घर बांधतो. खरा खेळ परदेशातला. तो त्यांच्या मोठ्या मशीनवर चालतो, फोनच्या तारेनं तिथवर पोचायचं आणि त्यांना दर महिन्याला पैसे भरायचे. इंदापूरला जावयाचा एक मित्र टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं कुठून तरी त्या मोठ्या मशीनची नक्कल मिळवली आणि ती साध्या मशीनवर चालती केली. ते मशीन क्लासच्या कोपऱ्यात. बाकीची मशीनं वायरीनं त्याला जोडलेली. मुलूख तोच, पैसे नाहीत.

उन्हाळ्यात मागच्या खोलीत जीव शिजायचा, म्हणून लेकीनं आईची खुर्ची पुढं फॅनखाली आणली. दोस्त मंडळी तलवारबाजीत दंग. ही डोळे मिटून. मग डोळे उघडले ते उघडेच राहिले. पडद्याच्या कडेला हिरव्या रानात चार पांढरे ठिपके हलत होते.

"ती मेंढरं कुणाची?" तिनं विचारलं.

जावई म्हणाला, "कुणाचीच नाहीत मामी. ती अशीच फिरतात."

"मेंढरं कुणाचीच नसत्यात, असं हुतं व्हय?"

सगळे हसले. ती हसली नाही. "बांदा त्यास्नी. लांडगा पडंल."

जावई गुणाचा. त्यानं दुसऱ्या दिवशी तिच्या नावाचा एक माणूस, म्हणजे बाई, त्या मुलखात उभी केली. लुगडं काही तिथं मिळेना, हिरवा घागरा घातला. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून लेकीनं एका बटणावर कुंकवाचा ठिपका लावला, तो 'मागं या'. दुसऱ्यावर हळदीचा, तो 'थांबा'. माऊस डाव्या हातात. त्या खेळात मेंढरू लगेच आपलं होत नाही. त्याच्याजवळ जायचं, माणसाळवायचं, ते पळतं, पुन्हा जायचं. दोस्तांना असल्या कामाचा कंटाळा. हिला नाही. पहिल्या मेंढराला तिला चार दुपारी लागल्या. पाचव्या दुपारी ते मागं आलं, तेव्हा तिच्या गळ्यातून कळप हाकायचा तो जुना आवाज निघाला, "हुर्र्र." वाकड्या तोंडानं, पण निघाला. मागच्या खोलीत मी ऐकला. पुढं गेलो नाही. माझ्यासाठी नव्हता तो.

पावसाळ्यापर्यंत बावीस झाली. लोकर कातरायची, ती पुन्हा वाढायची. पण तिनं एक केलं ते त्या खेळात जगात कुणी केलं नसेल. दोस्तांपैकी एक सहकारी बँकेत सकाळच्या पाळीचा कॅशियर होता. त्यानं पडद्यावर मोठा बंगला बांधला होता, पुढं गव्हाचं रान. हा एका दुपारी बघतो तर त्याच्या रानात मेंढरं बसलेली आणि भोवतीनं लाकडी खोकी गोल लावलेली.

"मावशी! माझ्या दारात कळप कुणी कोंडला?"

"कोंडला न्हाय. बसवलाय," ही म्हणाली. "वाघर हितं मिळंना, म्हनून खोकी लावली. तीन राती झाल्या. दानं काढा."

"कसले दाणे?"

आमच्याकडं मेंढरं शेतात रात्रभर बसवली, की लेंड्यांचं खत पडतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. आजा-पणज्यापासून हा हिशेब. मी समजावून सांगितलं. कॅशियरला हसू आवरेना. "अहो मावशी, या खेळात लेंड्या पडतच नाहीत!"

"मंग खेळ करनाऱ्याला मेंढरं ठाव न्हाईत," ती म्हणाली. "माझा काय दोस त्यात? दानं काढा."

कॅशियरनं गव्हाचं एक पोतं तिच्यापुढं ठेवलं. पुढल्या आठवड्यात दुसरा दोस्त म्हणाला, मावशी, आता माझ्या रानात. मग तिसरा. तिच्या कळपासाठी पाळ्या लागल्या. कोण आधी बोलला, कुणाचं रान मोठं, कुणाकडं किती राती, सगळं तिच्या डोक्यात. त्या खेळात राक्षस मारणारे पुष्कळ असतील. रानात मेंढरं बसवणारी ही एकटी.

माझ्याशी मात्र अजून बोलत नव्हती.

श्रावण लागला आणि पुण्याहून माणूस आला. जावयाचा क्लास पुण्याच्या एका मोठ्या क्लासची शाखा होती. हा वरचा साहेब तपासणीला आलेला. बायको मागं झोपली होती. साहेबानं कोपऱ्यातलं मशीन बघितलं, दोन-चार बटणं दाबली आणि जावयाला झापायला लागला. मी मधे पडलो. सवयच आहे.

"साहेब, आवाज खाली. आत आजारी मानूस हाय. झालं काय?"

"आजोबा, तुम्हाला कळायचं नाही. ही चोरी आहे. या खेळाचे कंपनीला दर महिन्याला पैसे भरावे लागतात."

"कुणाला द्यायचं सांगा की. देतो."

"इथून देता येत नाहीत. त्याला वेगळं कार्ड लागतं. आणि आपली लाइन तिकडं धड पोचतही नाही."

"म्हंजी पैसं दिलं तरी खेळता यायचं न्हाय?"

"नाही."

"आन् न देता खेळलं तर चोरी."

"हो."

"मंग आमी करायचं काय?"

"खेळू नका. खेळलंच पाहिजे असं कुठंय?"

मी म्हटलं, "साहेब, हे मी मिसरूड फुटल्यापासनं ऐकतोय. फॉरेस्टचा गार्ड म्हनायचा, हितं चारू नका. कालव्यावरचा पाटकरी म्हनायचा, हितं पाजू नका. बागायतदार म्हनायचा, बांधावरनं जाऊ नका. चारलंच पायजे असं कुठं हाय? मेंढरं मात्र जगली. त्यांच्या न्हाय म्हन्यानं एक मेलं न्हाय."

साहेबानं मला सोडलं आणि जावयाला धरलं. आठ दिवसांत हे मशीन इथून गेलं नाही तर शाखा बंद. एवढं बोलून चहा न घेता गेला.

जावयाचा चेहरा उतरला. त्याचं पोट त्या शाखेवर. त्याला दोष देत नाही. संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, मामींना सांगू मशीन बिघडलं. खोटं बोलायला मलाही बरं वाटत नाही, पण त्यांना काय कळणार?"

त्यांना काय कळणार! माझेच शब्द, माझ्या जावयाच्या तोंडात. मी म्हटलं, "पाव्हणं, एक कळप मी तिला न इचारता घालवला. दुसरा घालवायची माझी छाती न्हाय. आज कुणी काय करायचं न्हाय. मी इचारतो."

सकाळी तिचा चहा मी घेऊन गेलो. बशीत ओतला, फुंकला, तिच्या डाव्या हाताशी धरला. साहेब आला होता ते सांगितलं. काही झाकलं नाही. शेवटी म्हटलं, "तुझी मेंढरं हायत. काय करायचं, तू सांग."

तिनं डाव्या हातानं बशी जवळ ओढली. मग पाच महिन्यांनी, नव्हे जास्तच झाले होते, माझ्याशी बोलली.

"इचारताय व्हय?"

"व्हय. इचारतोय."

"उशीर केला."

"केला."

"लई केला."

"व्हय."

तिनं चहा प्याला. पदरानं तोंड पुसायला तिला वेळ लागायचा. मी पुसायला गेलो तर हात झटकला. स्वतः पुसलं. मग म्हणाली, "रान बंद झालं तर आपुन काय करतो?"

"वाडा उचलतो. म्होरल्या रानात मुक्काम टाकतो."

"मंग त्यात इचारायचं काय? कळप इकायचा न्हाय, हलवायचा." आणि वर म्हणाली, "आन् संगं तुमी जायाचं. माझी मेंढरं पुन्यांदा एकटी गाडीत चढायची न्हाईत."

मी बशी घेऊन बाहेर आलो आणि मोरीत जाऊन ती दोनदा धुतली.

इंदापूरच्या मित्रानं लगेच हो म्हटलं. त्याच्या दुकानामागं एक खोली होती. जावयाचं घरचं एक मशीन होतं, त्या साहेबाचा त्याच्यावर हक्क नव्हता. ते फोनच्या तारेनं इंदापूरच्या मशीनला जोडायचं, म्हणजे ती बारामतीत बसून राखू शकेल. मित्र न्यायला आला. कोपऱ्यातलं खेळाचं मशीन मी घोंगडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि इंदापूरच्या एसटीत बसलो. मित्र म्हणाला, "तात्या, वर कॅरियरला टाकू." मी नाही टाकलं.

कंडक्टर आला. "आबा, मांडीवर काय हाय?"

"मेंढरं."

"मेंढराला तिकीट पडतं."

"बावीस हायत. फाडा."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मित्राकडं बघितलं. मित्र खिडकीबाहेर बघायला लागला. कंडक्टर दोनच तिकिटं फाडून पुढं गेला, पण इंदापूर येईपर्यंत घोंगडीकडं वळून वळून बघत होता.

दुकानात मशीन लावलं, पडदा उजळला. तोच बारामतीहून तिचा फोन. "पोचली का?"

"पोचली."

"मोजली का?"

मी मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीस. मी घोंगडी झटकून बघितली. देवाशपथ सांगतो, खरा कळप विकताना माझं असं झालं नव्हतं. तिसऱ्यांदा मोजायला लागलो.

"एकवीस भरली ना?" तिकडून ती म्हणाली. "थोरली झाडामागं बसती. खालच्या अंगाला बगा."

मित्रानं चित्र सरकवलं. झाडामागं एक पांढरा ठिपका.

"बावीस," मी म्हटलं.

"मंग असं म्हना की पैलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर अडीच महिने आमचा संसार पुन्हा झाला. दुपारभर लेकीच्या घरचा फोन एंगेज. विहीणबाई कुरकुरायच्या, मी ऐकून घ्यायचो आणि फोन एंगेजच ठेवायचो. कॅशियर आणि दोस्त रविवारी इंदापूरला जाऊन खेळायचे. ही बारामतीतून. रान कुणाचं, राती किती, हे आता ती मला विचारायची आणि मी चुकलो की शिव्या द्यायची. तोंड वाकडं असून शिव्या अगदी स्पष्ट.

दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला. दोन दिवस होती.

तेराव्याला इंदापूरचा मित्र आला. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मेंढरांचं काय करायचं? कॅशियरसाहेब म्हणतात, आम्ही वाटून घेतो, सांभाळतो."

माझा भाऊ तिथंच होता. "कसली मेंढरं? ती टीव्हीतली? बंद करा म्हनावं. मेलेल्या मानसाचा खेळ कशाला चालू ठेवायचा? लोकं हसतील."

मी म्हटलं, "हसू देत. खऱ्या कळपाच्या वेळी कुणी हसलं न्हाय. त्या वेळी समद्यांनी शाबास म्हटलं. त्या शाबासकीचं काय करू, सांग मला."

रविवारी मी एसटीनं इंदापूरला गेलो. मित्रानं तिच्या नावानं मशीन उघडलं. हिरव्या घागऱ्यात ती उभी होती, खोक्यांच्या गोलापाशी. आत बावीस बसलेली.

"घ्या माऊस," तो म्हणाला. "इथं दाबलं की मावशी चालायला लागतील. मेंढरं आपोआप मागं येतील."

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. जिवंतपणी तिला न विचारता पुष्कळ हलवली होती मी. आता बोटानं हलवू?

"न्हाय," मी म्हटलं. "तिला राहू दे. मला माझा निराळा मानूस काढून दे."

"पण तात्या, मेंढरं मावशींच्या नावावर आहेत. नव्या माणसाला ओळखणार नाहीत. असं करू, मी मशीनमधूनच तुमच्या नावावर करून टाकतो. दोन मिनिटांचं काम. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"ते तसलं न्हाय करायचं," मी म्हटलं. "तू फकस्त त्यांना मोकळं कर. माझ्या मागं यायचं का न्हाय, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

त्यानं काय केलं ते मला कळलं नाही, पण मेंढरं उठली आणि खोक्यांबाहेर पांगली. मी माझ्या माणसाला त्यांच्याजवळ नेलं. माझी बोटं जाडी, माऊस टेबलाखाली पडायचा. जवळ गेलो की मेंढरू चार पावलं लांब. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. दिवस मावळला, एकही मागं आलं नाही. पुढल्या रविवारी तेच. त्याच्या पुढल्या रविवारी कॅशियर शेजारी बसून म्हणाला, "आबा, मावशींना चारच दुपारी लागल्या होत्या."

"तिनं त्यांचा बाजार केला नव्हता," मी म्हटलं.

मी येत राहिलो. तिकीट काढायचो, जायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत. साल संपत आलं होतं. लोक म्हणत होते की साल बदललं की सगळी कॉम्प्युटरं बंद पडणार. मित्राला विचारलं, तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू.

अशाच एका रविवारी थोरली मेंढी झाडामागून बाहेर आली. मी थांबलो, ती थांबली. मी चार पावलं टाकली आणि मागं बघितलं. ती दोन पावलं आली होती. मित्र म्हणाला, तात्या, दाबा, आता 'मागं या' दाबा. मी काही दाबलं नाही. तिथंच उभा राहिलो.